जमीन परत करताना

मोहाडीत बसून कॅलिफोर्नियाची चिंता कशाला, असे आम्हांस विचारले जाते. विचारणाऱ्यांनी सान्ता सुसाना हे नाव बहुधा ऐकलेले नसते.

लॉस एंजलिसजवळच्या डोंगरावर सुमारे 2,850 एकरांत अमेरिकेने रॉकेटची इंजिने तपासली आणि दहा अणुभट्ट्या चालविल्या. त्यांपैकी सोडियमने थंड होणाऱ्या भट्टीत जुलै 1959 मध्ये 43 इंधन-घटकांपैकी 13 अंशतः वितळले. भट्टीवर काँक्रीटचे बंदिस्त कवच नव्हते. लोकांना सांगितले काय? एक घटक बिघडला, धोका मुळीच नाही! खरी हकीकत बाहेर आली 1979 मध्ये, तीही विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी जुने कागद व चित्रफिती धुंडाळल्या म्हणून. इंजिने धुण्यासाठी वापरलेले ट्रायक्लोरोइथिलीन तोवर खडकांतून भूजलात उतरले होते.

2010 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने व नासाने कॅलिफोर्निया राज्याशी करार केला: 2017 पर्यंत आपापल्या भागातील माती मूळ नैसर्गिक पातळीपर्यंत स्वच्छ करू. मुदत उलटली, माती तशीच राहिली. नोव्हेंबर 2018 मध्ये वूल्सीचा वणवा त्याच आवारातून पेटला. सीझियम-137 निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. आश्वासने त्याहून पुष्कळ लवकर विरतात.

दूषिताची मात्रा अल्प आहे, असे काही जाणकार म्हणतात. असेलही. परंतु ती अल्प आहे हे ठरविण्याचा अधिकार वीस वर्षे सत्य दडविणाऱ्यांकडेच ठेवावा काय?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे अणुभट्टी नाही, आणि तेथील माती दूषित आहे असा आरोपही आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, धानाच्या बांध्यांवर आणि मामा तलावांवर जगणाऱ्या माणसांना आपल्या मातीत काय मुरते आहे हे विचारण्याचा हक्क आहे, आणि असे विचारणे हा देशद्रोह नव्हे. संरक्षणाचे कारण पुढे केले की आपल्याकडे भल्याभल्यांची वाचा बसते. गुप्तता दारूगोळ्याच्या कृतीची असू शकेल. विहिरीच्या पाण्याची कसली गुप्तता?

म्हणून आमची मागणी आहे की, दारूगोळ्याच्या प्रत्येक कारखान्याभोवतीच्या विहिरी कारखान्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून दरवर्षी तपासाव्यात. त्यांचे आकडे मराठीत, पावसाळ्यापूर्वी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.