आई-बाबांचा व्हिसा : फाइल जाड नको, फॉर्म खरा हवा!

मुलगी अमेरिकेत, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं आणि इकडे नागपुरात आई-बाबांची कागदांची जमवाजमव. गेल्या महिन्यात माझ्या मोठ्या बाबांच्या घरी हेच चालू होतं. फाइल पाहून मला इंजिनिअरिंगचं सबमिशनच आठवलं. सातबारा, घर टॅक्सची पावती, एफडी, मुलीचं निमंत्रणपत्र, जावयाच्या सॅलरी स्लिप... सगळं होतं. नव्हती ती फक्त एजंटनं भरलेल्या फॉर्मची प्रत. त्यात काय लिहिलंय, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

आपली चूक इथेच होते. कागद जमवण्यात महिना जातो आणि फॉर्म वाचायला अर्धा तासही दिला जात नाही.

अमेरिका काय पाहते?

तिथल्या कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार, पर्यटक व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे अर्जदारानं पटवून द्यायचं. मुलाखत काही मिनिटांची असते आणि फाइल न उघडताही निर्णय होऊ शकतो. अधिकाऱ्यासमोर असतो तो डीएस-१६० फॉर्म. निमंत्रणपत्र किंवा हमीपत्र या व्हिसासाठी गरजेचं नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातंच सांगतं. नकार आला तर अपील नाही, शुल्कही परत नाही.

प्रत्येक देशाचं गणित वेगळं

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी मात्र मुलाचं किंवा मुलीचं निमंत्रणपत्र, त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. ब्रिटनला सातबारासारखा मराठी कागद जोडायचा तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. म्हणून शेजाऱ्यांची यादी जशीच्या तशी उचलू नका.

कागद कोणते?

तीन प्रश्नांची उत्तरं देणारे कागद पुरेत.

- का जाताय? मुलीच्या व्हिसाची प्रत, बाळंतपणाची अपेक्षित तारीख.
- खर्च कोण करणार? पेन्शनचे कागद, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर.
- परत का येणार? इथलं घर, शेती, कुटुंब.

अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून खात्यात पाच लाख फिरवून घेणं हा उपाय नाही, उलट संशयाचं कारण आहे. खोटी माहिती तर महागातच पडते. त्यासाठी कॅनडा पाच वर्षांची आणि ब्रिटन दहा वर्षांपर्यंतची बंदी घालू शकतं. अमेरिकेत दार कायमचं बंद होऊ शकतं.

नावाचा घोळ

लग्नानंतर आपल्याकडे बाईचं आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. काही घरांत तर पहिलंही. मग मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव आणि आईच्या पासपोर्टवर दुसरं. डीएस-१६० मध्ये आधीच्या नावांचा प्रश्न आहे. तिथे माहेरचं नाव न विसरता लिहा. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

फॉर्म मोठ्यानं वाचा

त्या संध्याकाळी एजंटकडून फॉर्म मागवला आणि मी तो वाचून दाखवला. मुक्काम : सहा महिने. मोठी आई चमकली. ‘अरे, तीनच महिने राहायचं आहे न आपल्याला! संत्र्याच्या तोड्याआधी वापस यायचं आहे.’ अधिकाऱ्यासमोर ती तीन म्हणाली असती आणि फॉर्म सहा म्हणाला असता.

चूक सुधारता येते. मुलाखतीआधी नवा फॉर्म भरायचा आणि त्याचा क्रमांक अपॉइंटमेंटशी जोडून घ्यायचा. आम्ही तेच केलं.

मुलाखत अजून व्हायची आहे, मुंबईत बीकेसीला. व्हिसा मिळेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. पण आठशे किलोमीटर जाऊन काय बोलायचं, ते आता दोघांना माहीत आहे. तुमच्या घरीही अर्ज असेल, तर आज रात्री जेवणानंतर तो एकदा मोठ्यानं वाचा.