गाडी तापली? आधी कारण शोधा, मग हेड उघडा



कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनिंगच्या रस्त्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पिकअप गाड्या दिसू लागतात. रेडिएटरमधून वाफ निघते आहे, ड्रायव्हर बाटली घेऊन पाणी शोधतो आहे आणि मागे कापसाचा माल तसाच पडला आहे. ही गाडी बहुधा गावातल्याच एखाद्या पोराने हप्त्यावर घेतलेली असते. ती आठ दिवस गॅरेजात पडली तर भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा गाडी का तापली हा प्रश्न एकट्या मिस्त्रीचा नाही. तो आपल्या खिशाचा आहे.

गाडी तापणे हा रोग नाही, ते लक्षण आहे. कपाशीची पाने लाल पडली की आपण लाल्या आला म्हणतो. पण त्यामागे मॅग्नेशियमची कमतरता असेल, नत्र कमी पडले असेल किंवा तुडतुडे असतील. कारण न पाहता दुकानदार देईल ती बाटली फवारणारा शेतकरी पैसा मातीत घालतो. गाडी तापल्याबरोबर 'हेड गॅसकेट गेले' हे ऐकून इंजिन उघडायला मान हलवणारा मालक वेगळे काय करतो?

निदानाचा पहिला प्रश्न साधा आहे: गाडी केव्हा तापते? जिनिंगच्या रांगेत उभी असताना तापते आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो, असे असेल तर संशय फॅनवर. पट्टा सैल आहे का, फॅनचा क्लच घसरतो का, फॅन विजेचा असेल तर तो सुरू होतो का, हे पाहा. उभी असताना ठीक, पण माल भरून चढ चढताना तापते, असे असेल तर रेडिएटर पाहा. आपल्या गाड्या कापूस, कडबा आणि भुसा वाहतात. कापसाचे तंतू आणि धूळ जाळीच्या पात्यांत बसली की हवा जायची कुठून? त्यात पुढच्या जाळीवर नावाची पाटी लावायची आपल्याला हौस! जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

दुसरी जागा रेडिएटरचे झाकण. पाणी १०० अंशांना उकळते, हे शाळेत शिकलो. पण हे झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० च्या बरेच पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की दाब जातो, पाणी लवकर उकळते आणि बाहेर फेकले जाते. सगळ्या दुरुस्तीतला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि तोच बहुतेक वेळा कोणी पाहत नाही.

तिसरी जागा थर्मोस्टॅट. इंजिन पुरेसे गरम झाल्यावर, साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो उघडतो की नाही हे घरीही कळते. काढून तारेने पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. उकळी फुटायच्या आत उघडला नाही तर तो निकामी. पण तो काढून गाडी तशीच चालवायचा सल्ला मानू नका. इंजिन योग्य उष्णतेवर येत नाही, डिझेल जास्त जाते, झीज वाढते आणि खरे कारण झाकले जाते.

चौथे कारण आपल्या बोअरमध्ये आहे. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले की आत क्षार बसतो, जसा चहाच्या भांड्यात बसतो. नळ्या अरुंद होतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावे.

मग हेड गॅसकेट कधीच जात नाही का? जाते. बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होते, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ होते, पांढरा धूर थांबत नाही, ही त्याची चिन्हे. पण इथेच खरी मेख आहे. बऱ्याचदा गॅसकेट हे तापण्याचे कारण नसून परिणाम असते. तुंबलेल्या रेडिएटरवर गाडी ओढत नेली, हेड वाकले आणि गॅसकेट गेले. आता नवे गॅसकेट टाकले पण रेडिएटर तसाच ठेवला, तर पुढच्या खेपेला तेही जाणार. पैसे दोनदा, कारण शाबूत.

रस्त्यात गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निदान अर्धा तास थांबा. गरम असताना झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जातो. आणि काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी पूर्ण संपले असेल तर काट्याला ते कळतही नाही.

गॅरेजात तीन गोष्टी मागा: दुरुस्तीआधी कारण, दुरुस्तीनंतर काढलेला जुना भाग आणि लेखी बिल. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून गाडी परत आणा. रेडिएटरचा दाब तपासायचा हातपंप चार गावांनी वर्गणी काढून घ्यावा. हंगामाआधी एक दिवस गाड्या एकत्र उभ्या करून जाळी, झाकण, पट्टा आणि होज पाइप तपासावेत. मालाचा भाव आपल्या हाती नसेल, पण आपण कशाचे पैसे मोजतो आहोत हे विचारणे तरी आपल्या हाती आहे.