देखाव्याने पोट भरत नाही

दिवाळी अंकात फराळावर लिहायचे, हा या सदराचा जुना शिरस्ता. अनारसा तुपात का हसतो आणि चकलीचे काटे का रुसतात, या गहन प्रश्नांचा ऊहापोह येथे आजवर पुष्कळ झाला. यंदा मात्र वाचकांना थोडे लांब न्यावे म्हणतो, इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर. भिऊ नका, प्रवासवर्णन लिहीत नाही. त्या किनाऱ्यावर जेवावे कोठे, एवढाच प्रश्न आहे. तो मी आधी साफ चुकवला आणि मग मला तो दुसऱ्यांनी सोडवून दिला. मराठीच्या प्राध्यापकाला हा अनुभव नवा नाही.

वडील गेल्याला दीड वर्ष झाले होते. आईला घराबाहेर काढायचे म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे मी, आमच्या सौभाग्यवती आणि आई, निघालो. नेपल्सच्या दक्षिणेला डोंगर थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या अंगाला पोझितानो, अमाल्फी, मिनोरी, चेतारा अशी गावे घरट्यांसारखी चिकटलेली आहेत. युनेस्कोने 1997 साली हा किनारा जागतिक वारशाच्या यादीत घेतला. जॉन स्टाइनबेकने 1953 साली ‘हार्पर्स बझार’ मासिकात पोझितानोवर लेख लिहिला आणि मग जगाची रीघ लागली. साहित्यिकाच्या लेखणीने जागेचे भाव वाढतात ते असे. आमच्या लेखणीने अजून आमच्या आळीतल्या चहावाल्याचेही गिऱ्हाईक वाढलेले नाही.

निघण्यापूर्वी मी हॉटेलांची यादी केली होती. एम.ए.च्या वेळीही इतकी टिपणे काढली नसतील. निकष एकच: टेबलावरून समुद्र दिसला पाहिजे. पहिल्याच दुपारी अशा एका गच्चीवर जाऊन बसलो. खाली निळा समुद्र, वर निळे आकाश आणि मधोमध मी, मनातल्या मनात युरोला शंभराने गुणत. खाद्यपदार्थांच्या यादीत शिंपले, कोळंबी, माकूळ, सगळा समुद्रच होता. आई शुद्ध शाकाहारी, अंडेही वर्ज्य. तिने दोन पाव आणि एक संत्रे घेतले आणि म्हणाली, “मला भूक नाही रे. समुद्र बघूनच पोट भरलं.”

वाक्य मला इतके आवडले की, मी ते वहीत टिपून घेतले.

दुसऱ्या दिवशी गच्ची दुसरी, समुद्र तोच, पावही तोच. तिसऱ्या दिवशी सकाळी पोझितानोच्या पायऱ्या चढताना आई अचानक खाली बसली. चेहरा पांढराफटक, हात गार. मी पाण्याची बाटली शोधू लागलो. सौ. खालच्या आवाजात म्हणाली, “अहो, दोन दिवसांत आईंनी काय खाल्लंय, ते सांगा बघू.”

मला सांगता येईना.

“घरून आणलेल्या दशम्या. रात्री खोलीत, आपण झोपल्यावर. त्याही काल संपल्या. आज पहाटे रिकामा डबा पाहिला, तेव्हा मला कळलं.”

“आई, मला सांगायचं नाही का?”

“अरे, तुझा एवढा खर्च झालाय. त्यात माझं आणखी कुठे?”

पन्नास वर्षे हेच चालले होते. सगळ्यांची पाने झाली की आई स्वयंपाकघरात बसायची. तिच्या ताटात काय उरले आहे, हे वडिलांनी कधी विचारले नाही आणि मीही नाही. फरक एवढाच की, घरी काहीतरी उरत तरी असे.

पायऱ्यांच्या वरच्या वळणावर एक लहानशी खानावळ होती. दार अर्धे उघडे, आतून लसणाच्या फोडणीचा वास. तेथून समुद्र दिसत नव्हता. समोर होती ती फक्त एक भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे. फरशी पुसणारी बाई आम्हांला पाहून खुर्ची घेऊन आली, मग लिंबू पिळून साखर घातलेले पाणी. मी पुस्तकी इटालियन बाहेर काढली: मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही. बाईने बोटांवर तिन्ही मोजले, हसली आणि आतून पातेलेच उचलून आणून दाखवले. पास्ता ए फाजोली: वालासारख्या पांढऱ्या दाण्यांची दाट आमटी आणि तिच्यात मोडून घातलेला पास्ता. यादीत तो पदार्थ नव्हता. कामाच्या माणसांसाठी केलेला होता. काही जण त्यात डुकराची चरबी घालतात, असे वाचले होते म्हणून विचारले. तिने जोरात मान हलवून नाही म्हटले.

“उसळीत शेवया घातल्यात,” आईने निकाल दिला आणि दोन वाडगे संपवले.

मग बाईने एक लिंबू आणले. मुठीएवढे, लांबट, टोकदार. तेथे त्याला स्फुझातो म्हणतात. सालीसकट पातळ काप करून वर मीठ भुरभुरले. त्याची जाड पांढरी साल मुळीच कडू नसते, चावून खाता येते. आईचे डोळे चमकले. “याचं लोणचं काय होईल!” असे म्हणून तिने बरणी, मीठ आणि ऊन हातवाऱ्यांनी दाखवले. बाईने काय समजायचे ते समजून मान डोलावली. दोघींचे संभाषण पाऊण तास चालले. भाषेचा प्राध्यापक बाजूला बसून होता.

उरलेल्या चार दिवसांत यादी फाडून टाकली आणि जे शिकलो, ते वाचकांच्या चरणी ठेवतो. पहिले, समुद्र पायी फिरताना बघावा आणि जेवायला पाच-पन्नास पायऱ्या वर चढावे. दुसरे, शाकाहाऱ्यांनी पार्मेझानसारखे कडक चीज नको म्हणून आधीच सांगावे. ते वासराच्या जठरातील विरजणाने करतात. नेरानोची तळलेल्या झुकिनीची स्पॅगेटी फार नावाजलेली आहे. ती तेथील ‘मारिया ग्राझिया’त 1952 साली जन्मली असे सांगतात. पण तिच्यातले प्रोव्होलोने देल मोनाको हे चीजही त्याच जातीचे. टोमॅटो आणि तुळशीच्या भाऊबंदाची पाने घातलेली साधी स्पॅगेटी मात्र निर्धास्त मागावी. जवळच्या ग्रान्यानो गावचा सुका पास्ता म्हणजे गव्हाचा रवा आणि पाणी, अंडे नाही.

मत्स्याहारी मंडळींनी मात्र चेतारा गाठावे. तेथे मांदेलीएवढे अँकोव्ही मासे मिठात मुरवून त्यांचा तांबूस अर्क ठिबकू देतात. त्याचे नाव कोलातुरा. 2020 साली त्याला युरोपीय मानांकन मिळाले. स्पॅगेटीवर त्याचे चार थेंब पुरतात. शाकाहाऱ्यांनी त्या गावात भाजीसुद्धा चौकशी करूनच खावी. गोडाची हौस असल्यास अमाल्फीच्या देवळासमोरच्या चौकात ‘पान्सा’ नावाचे 1830 सालापासूनचे दुकान आहे. तेथली साखरेत मुरवलेली लिंबाची साल आईनेही खाल्ली. ऑगस्टमध्ये या भागात वांग्याला चॉकलेट लावून खातात, हे ऐकल्यावर मात्र सौ.ने कानावर हात ठेवले. भरल्या वांग्याचा असा अपमान तिला सोसवेना.

आणखी एक. बिलात ‘कोपेर्तो’ नावाने माणशी दोन-तीन युरो लावतात. ती बसण्याची आणि पावाची दक्षिणा. भांडू नये. मी भांडलो होतो.

आता दिवाळी आली आहे. परवा पहिला घाणा तळून झाला, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो आणि विचारले, “आई, तू काय खाल्लंस?”

“अरे, आधी तुम्ही घ्या, मी मागून...” एवढे म्हणून ती थांबली. सौ.ने ताटली पुढे केली. आईने चकली मोडली, चावली आणि क्षणभराने म्हणाली, “मीठ जरा कमी आहे गं.”

पन्नास वर्षांत आमच्या घरच्या फराळावर तिने दिलेला हा पहिला अभिप्राय. पुढचा घाणा तिच्या हुकमाने झाला.