बोट नाडीवर, मग हात वल्ह्यावर

आमच्या तालीमघरात वल्हवण्याचे यंत्र येऊन वर्ष होत आले. पैनगंगा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते खरी. पण होळी सरली म्हणजे तिच्या पात्रात गुडघाभर पाण्याचीही मारामार. अशा मुलखातील मुलांनी वल्हे कशाला मारावे, असे कित्येक पालकांनी हसत हसत विचारले. त्यांस माझे उत्तर एवढेच की, दत्तू भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही गावचे, आणि तो मुलूखही अवर्षणाचाच. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम त्यांनी केले. २०१२ साली ते सैन्यात भरती झाले, आणि वल्हे त्यांच्या हाती पडले ते त्यानंतर. चारच वर्षांनी, २०१६ साली, रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत ते तेरावे आले. तेव्हा गावात पाणी नाही ही सबब पुरेशी नव्हे.

शिवाय आमच्या यंत्रास पाणी लागतच नाही. सरकत्या आसनावर बसावे, पाय पट्ट्यांत अडकवावे, दांडा ओढावा. साखळीच्या टोकाचे चक्र फिरते आणि त्याची पाती हवा कापतात. जितक्या जोराने ओढाल तितका हवेचा विरोध वाढतो. चक्राच्या बाजूस एकपासून दहापर्यंत आकड्यांची झडप आहे. ती दहावर नेली म्हणजे आपण पहिलवान ठरलो असा समज मुलांत आहे. वस्तुतः झडप उघडल्याने ओढ जड होते, इतकेच. शर्यतीसाठी तयारी करणारे वल्हेकरी ती बहुधा तिसऱ्या ते पाचव्या आकड्याच्या आसपास ठेवतात. पायांनी रेटा, मग पाठ, शेवटी हात, हा क्रम मोडला तर कंबर दुखते. असो; आजचा विषय तो नव्हे.

आजचा विषय आहे तालीमघरातील फळा. पाचशे मीटर अंतर कोणी किती वेळात कापले हे त्यावर रोज लिहिले जात असे. मी त्याच्या विरुद्ध लिहीत असलो तरी तो लावण्याची सूचना माझीच होती, हे आधी कबूल करतो. उत्साह वाढेल अशी आशा होती. उत्साह वाढला, आणि त्यासरशी प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी रोज जीव तोडून ओढू लागली. दोन महिने वेळ घटत गेला. मग तो थांबला. काहींचा तर उलट वाढू लागला. पुढे एक विद्यार्थी तापातून उठून तिसऱ्याच दिवशी यंत्रावर बसला व भोवळ येऊन बाजूस कलंडला. त्यास काही अपाय झाला नाही, ही देवाची कृपा. परंतु त्या दिवसापासून माझे मत पालटले आहे, आणि ते पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो. वेळेचा तो फळा उतरवावा, आणि मुलांनी नाडी पाहून वल्हवावे.

नाडीची गणना म्हणजे काही नवा चमत्कार नव्हे. आपल्याकडे शार्ङ्गधराने नाडीच्या चालीस सर्पाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली. त्याचे लक्ष संख्येपेक्षा गतीच्या ढंगाकडे होते. इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या वैद्याने १७०७ साली, एक मिनिट चालणारे घड्याळ घेऊन, ठोके मोजण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. आजचे क्रीडाशास्त्र त्याच संख्येचे पाच पट्टे पाडते. माणसाचे हृदय जास्तीत जास्त जितके ठोके देऊ शकेल ती संख्या शंभर धरावयाची. तिच्या पन्नास ते साठ टक्क्यांत पहिला पट्टा, सत्तरपर्यंत दुसरा, ऐंशीपर्यंत तिसरा, नव्वदपर्यंत चौथा, आणि त्यावर पाचवा. पहिल्या दोहोंत माणूस पूर्ण वाक्ये बोलू शकतो; तिसऱ्यात वाक्य तुटू लागते; चौथ्यात दोनचार शब्द; पाचव्यात शब्दच नाही.

आता ही कमाल संख्या कशी ठरवावयाची? २२० मधून वय वजा करा, असे सर्वत्र सांगितले जाते. हा नियम १९७१ च्या सुमारास रूढ झाला, आणि तो सरासरीपुरताच आहे. एखाद्याच्या बाबतीत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ साली दुसरे सूत्र पुढे आले: वयाचा सात-दशांश २०८ मधून वजा करावा. चाळीस वर्षांच्या पालकास दोन्ही सूत्रे १८० हेच उत्तर देतात; परंतु पंधरा वर्षांच्या मुलास एक २०५ सांगते, तर दुसरे १९७ किंवा १९८. कुमारवयात तर कमाल ठोके वयाप्रमाणे फारसे बदलतच नाहीत. बहुतेक मुलांत ते १९५ ते २०५ यांच्या दरम्यान असतात. म्हणून शाळेपुरते २०० धरून चालावे, आणि जेथे आकडा व श्वास यांचे जमत नाही तेथे श्वासावर विश्वास ठेवावा.

यासाठी घड्याळवजा यंत्र मनगटावर बांधलेच पाहिजे असे मुळीच नाही. पालकांनी त्यापायी खर्च करू नये, हे मुद्दाम लिहितो. कारण वल्हवताना मूठ आवळली जाते, मनगट वाकते, आणि प्रकाशाने ठोके मोजणारी ती घड्याळे नेमकी येथेच चुकतात. छातीवरचा पट्टा बराच अचूक. पण भिंतीवरचे घड्याळ व दोन बोटे यांवर आमचे काम भागते. दांडा खाली ठेवताच अंगठ्याच्या बाजूस मनगटावर बोटे टेकावी, दहा सेकंद मोजावे, व सहाने गुणावे. विलंब लावू नये. थांबल्यानंतर ठोके झपाट्याने उतरतात. दहा सेकंदांत २० ते २३ ठोके आले तर तुम्ही दुसऱ्या पट्ट्यात आहात. २७ च्या पुढे चौथा. तिसाच्या पुढे गेलात तर ती शर्यत झाली, आणि शर्यत रोजची नसते.

येथेच मुलांचा आक्षेप येतो: इतक्या सावकाश ओढून ताकद कशी येणार? आक्षेप मोलाचा आहे. त्यास नॉर्वे देशाच्या वल्हेकऱ्यांचे उदाहरण उत्तर देते. तेथील आंतरराष्ट्रीय वल्हेकऱ्यांच्या १९७० ते २००१ या काळातील सरावाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या तीस वर्षांत हलक्या सरावाचे तास महिन्यास सुमारे ३० वरून ५० वर गेले, आणि शर्यतीच्या वेगाचा सराव सुमारे २३ तासांवरून ७ वर आला. आणि त्याच काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची शक्ती वाढली. कारण उघड आहे. हलक्या पण दीर्घ श्रमाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त लोटू लागते, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जाकेंद्रे वाढतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्रावर बसण्याइतके अंग ताजे राहते. जोराचा सराव नकोच असे मी म्हणत नाही. पाच दिवसांत एक दिवस तो असावा, आणि त्या दिवशी मन लावून असावा. पण रोज मधल्याच जोराने ओढणाऱ्यास ना हलक्याचा लाभ, ना जोराचा. हीच गोष्ट पोलीस वा सैन्य भरतीच्या आशेने पहाटे डांबरी रस्त्यावर रोज सोळाशे मीटर घड्याळाशी स्पर्धा करीत धावणाऱ्या थोरल्या मुलांनाही लागू आहे.

आखाड्यातील वडीलधारी मंडळी म्हणतील, घाम निथळेपर्यंत जोर काढावे हीच आपली रीत. मला वाटते, आपली जुनी रीत त्याहून शहाणी होती. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या बळाने करावा असे सांगितले आहे, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही त्या अर्ध्या बळाची खूण मानली आहे. आजचे शास्त्रज्ञ बोलून पाहा म्हणतात ते याहून फार निराळे नाही. वाग्भटाने तर ऋतूही जोडला: थंडीत व वसंतात अर्धे बळ, इतर ऋतूंत त्याहून कमी. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोदच्या मुलांना हे अधिक समजावून सांगावयास नको. वैशाखात पत्र्याखाली बसून तोच वेग राखला तरी नाडी दहा-वीस ठोक्यांनी वर जाते. कारण हृदयास स्नायूंबरोबर त्वचेलाही रक्त पुरवावे लागते, आणि घामाने रक्तातील पाणी घटते. फळ्यावरची वेळ हे जाणत नाही, नाडी जाणते. त्या दिवसांत वेग कमी करावा, पट्टा ओलांडू नये, आणि आधी पाणी प्यावे.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्याचा दृष्टान्त योजिला आहे, आणि तेथेही त्याचा भर वेगाइतकाच संयमावर आहे. उपासनेच्या तासास तो दृष्टान्त ऐकणारी आमची मुले तालीमघरात शिरताच बक्षीस तेवढे ध्यानी ठेवतात. यात दोष त्यांचा नसून फळ्याचा आहे.

सकाळची नाडी हा दुसरा साक्षीदार. अंथरुणातून उठण्यापूर्वी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहावी. नेहमीपेक्षा आठदहा ठोके अधिक भरले तर झोप अपुरी असेल, ताप घर करीत असेल, वा कालचा श्रम उतरला नसेल. त्या दिवशी विसावा घ्यावा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत स्वतः भोकनळ आजारी असताना एकट्याच्या अंतिम शर्यतीत मागे पडले. आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत तिघा सोबत्यांसह सुवर्णपदक जिंकले. हा पराक्रम थोर खरा. पण तेथे कसलेला सैनिक होता आणि शर्यत आयुष्यात एकदाच येणारी होती. आमच्या शनिवारच्या पाचशे मीटरांसाठी कोणाही मुलाने त्याचे अनुकरण करू नये.

पालकांसही दोन शब्द. आकड्यांवरून आपल्या पाल्याची शेजाऱ्याच्या पाल्याशी तुलना करू नका. एकाच वयाच्या दोन निरोगी मुलांची नाडी सारख्याच श्रमात वीस ठोक्यांनी भिन्न असू शकते, आणि कमी ठोके म्हणजे श्रेष्ठ मूल असे नाही. छातीत कळ, श्रमात मूर्च्छा, किंवा कुटुंबात कोणास तरुणपणी अकस्मात मृत्यू, यांपैकी काही असल्यास यंत्रावर बसविण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवा व आम्हांस कळवा. आणि संध्याकाळी मुलांबरोबर वल्हवू इच्छिणाऱ्या ज्या पालकांस रक्तदाबासाठी ठोके मंदावणारी औषधे चालू आहेत, त्यांना वरील एकही पट्टा लागू नाही. त्यांनी डॉक्टरांस विचारूनच आरंभ करावा.

फळा उतरवण्याचा ठराव मी शिक्षकसभेपुढे ठेवला आहे. त्यावर मतभेद आहेत. फळा गेला तर मुले यंत्राकडे फिरकणार नाहीत, असे माझे एक सन्मान्य सहकारी म्हणतात, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. म्हणून मी एवढेच सुचवितो की, जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिली सहामाही फळा कोरा ठेवावा, प्रत्येकाने आपली सकाळची नाडी व रोजचा पट्टा स्वतःच्या वहीत लिहावा, आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी एकच दिवस सर्वांची पाचशे मीटरांची वेळ घ्यावी. गेल्या वर्षीचे आकडे मी उतरवून ठेविले आहेत.