पवारणा आणि सूचनाफलक

पाऊस ओसरला, आवारातल्या भिंतींवरचे शेवाळ सुकले आणि ऑक्टोबरचे ऊन वसतिगृहाच्या गच्चीवर तापू लागले की शाळेच्या सूचनाफलकाला वर्षातले सर्वांत गर्दीचे दिवस येतात. प्रथम सत्र परीक्षेचे वेळापत्रक, दहावीच्या बोर्डाच्या अर्जाची सूचना, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुट्टी, शिष्यवृत्तीसाठी बँक खाते आधारशी जोडण्याविषयीचे तिसरे किंवा चौथे स्मरणपत्र, दिवाळी सुट्टीच्या तारखा, वसतिगृह रिकामे करण्याचा दिवस, द्वितीय सत्र सुरू होण्याचा दिवस. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे यातल्या बहुतेक सूचना माझ्या हस्ताक्षरात, आणि अलीकडे संगणकावर टंकलेल्या, त्या फलकावर लागत आल्या आहेत. या स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिहा असे मला सांगण्यात आले होते. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून ते सोपेही होते. परंतु स्थापनेच्या आणि सत्कारांच्या तारखा इतर मान्यवर लिहितीलच. मला लिहायचे आहे ते या शरद ऋतूतल्या कागदांविषयी. शाळेचे खरे चरित्र त्यांत अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

या साऱ्या सूचनांपैकी विद्यार्थी वाचतात ती सुट्टीची. पालक वाचतात ती शुल्काची. जी सर्वांनी वाचावी आणि कोणीच नीट वाचत नाही ती दहावीच्या अर्जाची. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे अर्ज भरले जातात आणि नंतर बोर्डाकडून प्रीलिस्ट येते. तीवर विद्यार्थ्याने स्वतःचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख तपासून सही करायची असते. मुले मित्राच्या पाठीवर कागद ठेवून सही करतात आणि मैदानावर पळतात. मग दहा वर्षांनी तीच मुले, आता बाप्ये झालेली, जात पडताळणीच्या फाइली घेऊन कार्यालयात येतात. जनरल रजिस्टरमध्ये एक नाव, दाखल्यावर दुसरे, आजोबांच्या दाखल्यावर तिसरेच. विद्यार्थी शाळेत असेपर्यंत दुरुस्ती रीतसर होते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे वर्षभराच्या खेपा.

आपल्या समाजात तर या रकान्यांना आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धर्म बदलला. परंतु अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश तेव्हा बौद्धांना ओळखत नव्हता. त्यात आरंभी मुख्यतः हिंदूच होते, १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. राज्याने नवबौद्धांना आपल्या पातळीवर सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राची नोकरी आणि केंद्राची शिष्यवृत्ती यांची दारे चौतीस वर्षे अडलेली राहिली. त्या चौतीस वर्षांत कित्येक बापांनी घरात त्रिशरण म्हटले आणि शाळेत मुलाचे नाव घालताना धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या वडिलांनीही तेच केले होते. पण १९९० नंतर पस्तीस वर्षांनीही ती भीती प्रवेशअर्जात उतरताना मी पाहते, तेव्हा पालकांना समोर बसवून सांगावेसे वाटते की आता असे करण्याचे कारण उरलेले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध मोजले गेले. त्यांच्यात न मोजले गेलेले किती, हे अशा रकान्यांतच दडलेले आहे.

रजिस्टरची महती आपल्याला शिकवावी लागू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. त्या एका नोंदीच्या आधारावर राज्य शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करण्याचे ठरवले. एका कारकुनाने शरद ऋतूतल्या एका दिवशी लिहिलेली ओळ शंभराहून अधिक वर्षांनी राज्याचा दिनविशेष होते, हे पाहून इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला समाधान वाटेल.

मला मात्र त्या नोंदीत काय नाही, हेच अधिक दिसते. तो मुलगा घरून गोणपाटाचा तुकडा आणत असे, कोपऱ्यात वेगळा बसत असे आणि संध्याकाळी तो तुकडा परत घरी नेत असे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नसे. यातले काहीही रजिस्टरमध्ये नाही, आणि शाळेच्या त्या काळच्या कोणत्याही सूचनेत असण्याची शक्यता नाही. हे आपल्याला ठाऊक आहे ते बाबासाहेबांनी पुढे, उत्तरायुष्यात, स्वतः लिहून ठेवले म्हणून. शाळेने त्या मुलाला विचारलेले नव्हते.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती अभिमानाची नाही.

दहा-अकरा वर्षांपूर्वी नववीत बीड जिल्ह्यातला एक मुलगा होता. त्याचे चुलते घाटकोपरला राहत; त्यांनीच त्याला आपल्या वसतिगृहात आणून घातले होते. अबोल, अक्षर सुरेख, भूगोलात विशेष गती. सहामाही संपत आली असताना तो सूचनाफलकापाशी उभा होता. मी खिळ्यांची डबी घेऊन नवी सूचना लावत होते. त्याने विचारले, "बाई, सुट्टीत मेस चालू असते का?" मी म्हणाले, "वाच ना, लिहिलंय समोर." समोर माझ्याच अक्षरात लिहिले होते की सर्व विद्यार्थ्यांनी सायंकाळी पाचपर्यंत वसतिगृह रिकामे करावे, अपवाद केला जाणार नाही. त्याने वाचले, मान हलवली आणि गेला.

द्वितीय सत्र सुरू झाले. तो आला नाही. आठवडाभर हजेरीपत्रकात गैरहजरीची खूण, मग पालकांच्या पत्त्यावर एक पत्र. पत्राला उत्तर नाही. जानेवारीत चुलते त्याची पत्र्याची पेटी न्यायला आले तेव्हा कळले. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती, आजी पावसाळ्यात वारली होती, घराला कुलूप लागणार होते. सुट्टीत जायला घरच नव्हते. तो गेला तो थेट कारखान्यावरच्या कोपीत, आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणी नाही म्हणून तिथेच राहिला. "मुलानं विचारलं होतं म्हणे बाईंना," चुलते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला बरे वाटले असते. पुढे त्या मुलाने सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावी दिली. ते श्रेय त्याचे. शाळेचे त्यात काही नाही.

मी त्याला उत्तर दिले होते, पण काय आहे म्हणून विचारले नव्हते. आपल्या सगळ्या सूचनांचा स्वभाव असाच आहे. त्या वरून खाली येतात. पालकसभा पाहा. मुलुंड-भांडुपकडच्या घरकाम करणाऱ्या आया एका दिवसाचा खाडा करून, पगार कापून घेऊन येतात, तासभर आमची भाषणे ऐकतात, सही करतात आणि परत जातात. त्यांनी काही बोलावे अशी आमची खरोखर अपेक्षा असती तर आम्ही सभा बुधवारी सकाळी अकराला ठेवली नसती.

याच ऋतूत आपल्या परंपरेत एक फार जुनी रीत आहे आणि आपण ती केवळ पौर्णिमेच्या वंदनेपुरती उरवली आहे. आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास अश्विन पौर्णिमेला संपतो. त्या दिवशी भिक्खूसंघ पवारणा करतो. विनयपिटकाच्या महावग्गात तिची उत्पत्तिकथा आहे. कोसल देशातल्या काही भिक्खूंनी ठरवले की भांडणे नकोत, म्हणून वर्षावासाचे तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. जो आधी येईल त्याने आसने मांडावीत, पाणी भरावे. खूण करायची ती हाताने. तीन महिने शांततेत गेले. मोठ्या आनंदाने त्यांनी हे तथागतांना सांगितले. त्यांना शाबासकीची आशा होती. तथागतांनी त्यांना फटकारले; असे राहणे म्हणजे पशूंनी एकत्र राहण्यासारखे आहे, असे सांगितले. आणि नियम घालून दिला की वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकाने संघासमोर बसून विनंती करावी: माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर तो मला सांगा. हे तीनदा म्हणायचे. आणि आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करायचा, कनिष्ठाने नव्हे. संयुत्तनिकायात तर श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः बुद्धच संघाला विचारतात की माझ्या वागण्याबोलण्यात तुम्हाला काही गैर दिसले का.

रात्रीच्या जेवणाला दीडशे मुले रांगेत निमूट बसतात, याचे कौतुक प्रत्येक पाहुण्याने आजवर अभिप्रायवहीत लिहिले आहे. ती वही चाळताना हल्ली मला कोसलचे भिक्खू आठवतात.

माझे म्हणणे असे की प्रगतिपुस्तके वाटण्याआधी आपल्या शाळेने पवारणा करावी. भिक्खूंचा विधी म्हणून नव्हे, तो त्यांचा आहे. पण त्यामागचा व्यवहार आपण उचलावा. मुख्याध्यापकांपासून आरंभ करून आम्ही शिक्षकांनी, अधीक्षकांनी, स्वयंपाकघरातल्या मावशींनी मुलांसमोर बसावे आणि विचारावे. पालकांना त्याच आठवड्यात रविवारी संध्याकाळी बोलवावे, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही.

शिक्षकखोलीत हे मांडले तेव्हा आक्षेप आले, आणि ते सारेच फोल नव्हते. शिस्त मोडेल, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांना मी एवढेच म्हटले की संघाची शिस्त अडीच हजार वर्षे टिकली आहे, आपली शाळा त्या मानाने अलीकडची. मुले मोठ्यांसमोर बोलणारच नाहीत, हा दुसरा आक्षेप खरा आहे. ज्याच्या हाती गुण आहेत त्याला दोष सांगणे सोपे नसते; भिक्खूंना एकमेकांच्या प्रगतिपुस्तकाची चिंता नव्हती. म्हणून पहिली काही वर्षे चिठ्ठ्या घ्याव्यात, निनावी. तिसरा आक्षेप खर्चाचा. मुलांनी सांगितले की सुट्टीत जायला जागा नाही, तर पुढे काय? वसतिगृह उघडे ठेवायचे तर स्वयंपाकी लागतात, गॅस लागतो, रात्री जबाबदार माणूस लागतो. अनुदानाच्या हिशेबात हे दिवस बसत नाहीत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे गावोगावी चालतात, पण मुंबईत शिकणाऱ्या मुलापर्यंत ती पोहोचत नाहीत. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. फक्त असे म्हणते की आधी विचारले तर निदान आकडा कळेल. कदाचित सहा मुले असतील, कदाचित सोळा. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती जुलै १९२४ मध्ये. सहा महिन्यांच्या आत, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. पैशाची सोय पूर्ण होईपर्यंत ते थांबले असते तर आपल्यातले कित्येक आजोबा शिकले नसते.

राहता राहिला ७ नोव्हेंबर. काही वर्षी तो दिवाळीच्या सुट्टीत येतो. २०१८ मध्ये तर नेमका लक्ष्मीपूजनाला आला. मग परिपत्रकाप्रमाणे आधी किंवा नंतर कधीतरी निबंधस्पर्धा होते, छायाचित्रे काढून पाठवली जातात आणि दिवस साजरा झाल्याची नोंद होते. मला वाटते, आपल्याकडे तो द्वितीय सत्राच्या पहिल्या दिवशी पाळावा. भाषणे नकोत. हजेरीपत्रक घेऊन सर्व वर्गांची हजेरी मैदानावर मोठ्याने वाचावी. जो आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन जावा आणि आठ दिवसांत माणूस जावा. पत्र नव्हे.

यंदाच्या सूचनेत मी एक ओळ वाढवली आहे. ज्यांना सुट्टीत घरी जाणे शक्य नाही त्यांनी अमुक तारखेच्या आत वर्गशिक्षकांना सांगावे. कारण सांगण्याची गरज नाही. सूचना लागली त्या दुपारी सातवीतली एक मुलगी तिच्यासमोर बराच वेळ उभी होती. मी जवळ गेले आणि या वेळी आधी मीच विचारले. तिचा प्रश्न वेगळाच निघाला: भावालाही आणता येईल का, तो पाचवीत आहे, दुसऱ्या शाळेत. मी मुख्याध्यापकांना विचारून सांगते म्हणाले. त्यांचा होकार आला आहे.

माजी विद्यार्थ्यांना म्हणून विनंती आहे. बोरिवली-अंधेरीपासून कल्याणपर्यंत आपण पसरलेले आहात. सुट्टीच्या काळात रात्री वसतिगृहात थांबण्यासाठी दोन-दोन दिवसांच्या पाळ्या लावायच्या आहेत. स्वयंपाकाच्या मावशींपैकी एकीने राहण्याचे कबूल केले आहे, दुसरी हवी आहे. नावे अधीक्षकांच्या खोलीतल्या वहीत लिहावीत. वही दारामागच्या खिळ्याला टांगलेली आहे.