शाळा सुटली म्हणून वास्तू सोडायची?

मध्य प्रदेशातल्या बुरहानपूरच्या राजघाटावर तापीच्या काठी उभे राहिले की अर्ध्या तासात इमारतींच्या आयुष्याचा एक धडा मिळतो. मागे शाही किल्ला. एके काळी बादशहांचा मुक्काम असलेल्या या किल्ल्यात आज हमाम आणि थोड्या भिंती पाहण्याजोग्या उरल्या आहेत, बाकीची पडझड. समोर पैलतीरावर जैनाबाद. १६३१ मध्ये मुमताज महल बुरहानपुरात वारली, तेव्हा तिला आधी तिथल्याच एका बागेत पुरले होते. पुढे तिचे शव आग्र्याला गेले आणि ती बाग ओस पडली. याच शहरात १५९० च्या सुमाराची जामा मशीद मात्र धडधाकट आहे. संस्कृत आणि अरबी असे दोन्ही शिलालेख असलेल्या या मशिदीत रोज माणसे येतात. आणि १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात खोदलेला कुंडी भंडारा सातपुड्यातले पाणी जमिनीखालून आणून आजही लालबागच्या लोकांना देतो.

बादशहांचा मुक्काम असूनही किल्ला टिकला नाही. मशीद आणि कुंड्या टिकल्या, कारण त्यांच्याकडे लोकांचे रोज काहीतरी काम असते. वापरात राहिलेल्या वास्तूचे गळके छप्पर आठवड्यात कुणाच्या तरी नजरेस पडते. कुलूप लागलेल्या वास्तूचे छप्पर गळते आहे हे ती पडल्यावर कळते.

हे सांगायचे कारण शाळा. मध्य प्रदेशात आधी ‘सीएम राइज’ आणि आता ‘सांदीपनि’ या नावाने मोठी शाळा-संकुले उभी राहत आहेत. महाराष्ट्रातही कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा थांबलेली नाही. मुले नव्या इमारतीत गेली की गावाच्या मध्यावरची जुनी सरकारी शाळा रिकामी होते. शाळा हलवावी की नाही हा वेगळा आणि मोठा वाद आहे. पहिलीच्या पोराला एका किलोमीटरच्या आत शाळा असावी, या शिक्षणहक्काच्या नियमाची राखण पालकांनी केलीच पाहिजे. पण जिथे शाळा खरोखरच हलली, तिथे मागे राहिलेल्या वास्तूचे काय करायचे? राजघाटाजवळच्या वस्तीत उद्या हा प्रश्न आला, तर त्यावर कोणती उत्तरे येतील हे आजच सांगता येते. ती एकेक करून तपासावी लागतील.

पहिले उत्तर असे: जागा मोक्याची आहे, इमारत पाडा, खाली गाळे काढा, वर कार्यालये भाड्याने द्या, उत्पन्न येईल. हे म्हणणाऱ्यांना सरसकट लोभी ठरवणे बरोबर नाही. नगर परिषदा आणि महापालिकांची तिजोरी बहुधा खडखडीतच असते, आणि गाळ्याचे भाडे दर महिन्याला हातात पडते. पण शाळेची जागा मुळात आली कुठून? कुणी जमीन दिली, कुणी वर्गणी दिली, कुणी श्रमदान केले, कुणी कर भरला, आणि हे सारे शिकवण्यासाठी दिले. ती ठेव आहे. ठेवीवर हात मारण्याआधी ठेवणाऱ्याचा हेतू विचारायचा असतो.

हा युक्तिवाद हवेतला नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे उदाहरण समोर आहे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत त्याचे मूळ. येरवड्याची दगडी इमारत १८६८ मध्ये वापरात आली आणि तिला सर जमशेटजी जिजिभाई यांच्या देणगीचा मोठा आधार होता. टिळक आणि आगरकर याच इमारतीत शिकले. १९३४ मध्ये सरकारने काटकसरीपोटी कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, त्यांनी न्यायालयात दाद मागितली. शिक्षणासाठी दिलेली देणगी शिक्षणालाच लागली पाहिजे, हा त्या लढ्याचा गाभा होता. १७ ऑगस्ट १९३९ ला तीच वास्तू पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे तिथे रुजू झाले. तेरा वर्षांनी याच संस्थेच्या माणसांनी बुरहानपूरच्याच निमाडात, नर्मदेकाठच्या महेश्वर आणि नावडातोली इथे उत्खनन सुरू केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. ती इमारत १९३४ मध्ये विकली गेली असती, तर तिजोरीत एकदाच रक्कम पडली असती. ती राखल्यामुळे निमाडला स्वतःचा इतिहास मिळाला.

दुसरे उत्तर भीतीचे आहे. इमारत धोकादायक आहे, उद्या कुणाच्या डोक्यावर पडली तर जबाबदार कोण? ही भीती खरी आहे आणि तिच्यापुढे वारशाची भाषणे चालत नाहीत. ज्या छताखाली जीव धोक्यात आहे, ते उतरवलेच पाहिजे. पण ‘धोकादायक’ हा शिक्का मारायचा कुणी? बहुतेक ठिकाणी एक कर्मचारी येतो, भिंतीचे पोपडे पाहतो आणि कागद पुढे सरकवतो. त्या पोपड्यांचे कारण जरा जवळून पाहावे. जुन्या शाळांच्या भिंती विटांच्या किंवा दगडांच्या, आणि जोड चुन्याचा. चुना ओलावा घेतो आणि बाहेर सोडतो. कधीतरी डागडुजी करताना त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला जातो आणि ऑइल पेंट फासला जातो. आतला ओलावा कोंडतो, क्षार वर येतात, लोणा धरतो, पापुद्रे सुटतात. बाहेरून भिंत खचल्यासारखी दिसते, पण आतला गाभा भक्कम असू शकतो. तो आहे की नाही हे जुन्या बांधकामाची माहिती असलेला अभियंताच सांगू शकतो. वासे ठोकून, पायथा उकरून, कौले उतरवून तपासणी झाल्याशिवाय पाडकामाचा ठराव होता कामा नये. निमाडच्या उन्हाळ्यात त्याच जाड भिंती आणि उंच आढे जो गारवा देतात, तो पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत पंख्यानेही येत नाही.

तिसरे उत्तर भावनेचे: स्मारक करा. याच्याशी वाद घालताना सर्वांत जपून बोलावे लागते, कारण हे प्रेमातून आलेले असते. तरीही पुण्याच्या भिडेवाड्याकडे डोळे उघडून पाहायला हवे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. पुढे तिथे दुकाने आली, भाडेकरू आले. राष्ट्रीय स्मारकासाठी वाडा ताब्यात घेण्याचा वाद दहा वर्षांहून जास्त काळ न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, रात्रीच्या वेळी, वाडा पाडण्यात आला. तोवर तो मोडकळीला आला होता. सावित्रीबाई ज्या पायऱ्या चढल्या असतील, त्या आता पाहता येणार नाहीत. स्मारक होईल, व्हावेही. पण ज्या काळात तिथे मुलींचा एखादा वर्ग, अभ्यासिका किंवा निदान एक वाचनालय चालू राहू शकले असते, त्या काळात वाडा नुसता वाट पाहत ढासळला. स्मारकाच्या वचनाने इमारत सांभाळली जात नाही. रोज येणारी माणसे ती सांभाळतात.

साताऱ्यात याची दुसरी बाजू दिसते. तिथे जुन्या राजवाड्यात प्रतापसिंह हायस्कूल भरत आले. राजाच्या वाड्याला शाळेने जगवले. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या मुलाने तिथे प्रवेश घेतला. त्याच्या नावाची १९१४ क्रमांकाची नोंद शाळेच्या रजिस्टरात आहे आणि समोर त्याची सही. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. हे रजिस्टर रद्दीत गेले नाही, कारण ते सांभाळणारी शाळा चालू होती. रिकाम्या झालेल्या शाळांची रजिस्टरे कुठे जातात, हे विचारून पाहावे. बहुधा पंचायतीच्या किंवा संकुलाच्या माळ्यावर, वाळवीला.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे: मुलेच नाहीत, तर शिक्षणासाठी वास्तू ठेवायची कुणाकरता? इथे जपानच्या क्योतो शहराकडे पाहता येते. तिथल्या वस्त्यांनी १८६९ मध्ये, देशात सरकारी शिक्षणपद्धती येण्याआधीच, ६४ प्राथमिक शाळा उभारल्या. लोकांनी वर्गणी काढली होती. पुढे शहराच्या मध्यात मुले उरली नाहीत आणि तात्सुइके ही त्यांतली एक शाळा १९९५ मध्ये बंद झाली. शहराने ती विकली नाही. २००६ मध्ये तिथे चित्रकथांचे संग्रहालय उघडले. जुन्या व्हरांड्यातल्या कपाटांतली सुमारे ५० हजार पुस्तके कुणीही काढून वाचू शकतो. शाळेच्या मैदानावर हिरवळ आहे, लोक तिथे लोळत वाचतात. त्या शाळेचा इतिहास सांगणारी खोलीही आत जपली आहे. शिकणारे बदलले, शिकणे थांबले नाही.

खंडन इथवर. आता बाजू मांडायची ती अशी. जुन्या सार्वजनिक शाळेची मालकी गावाचीच राहावी. संस्थांना चालवायला देणे ठीक, पण मुदतीच्या कराराने, आणि दर काही वर्षांनी खुल्या सभेत हिशेब मांडण्याच्या अटीवर. नव्वद-नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्याला विक्रीच म्हणावे लागते. मैदान बांधकामासाठी द्यायचे नाही. दाट वस्तीत पोरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला तेवढीच मोकळी जागा उरलेली असते. आतल्या खोल्यांचा उपयोग वस्तीच्या गरजेप्रमाणे ठरवावा. बुरहानपुरात यंत्रमागावर काम करणाऱ्यांची घरे लहान. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला घरी टेबल मिळत नाही. तिच्यासाठी रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका. दिवसा अंगणवाडी, संध्याकाळी कामगारांसाठी शिलाई, विजेची आणि मागदुरुस्तीची शिकवणी. मराठी, हिंदी, उर्दू या तिन्ही भाषांचे एक वाचनालय, कारण शहर या तिन्हींत बोलते. मुख्याध्यापकांची खोली शाळेच्या कागदपत्रांसाठी राखून ठेवावी.

याला पैसा लागेल. रस्त्याकडेच्या एक-दोन खोल्या भाड्याने दिल्या तरी चालतील, पण ते भाडे याच वास्तूच्या देखभालीला जावे, असा ठराव लेखी व्हावा. पुण्याच्या त्याच विश्रामबागवाड्याने पाठशाळा पाहिली, १८७९ ची आग पाहिली, मग दुरुस्ती, हायस्कूल, १९३० ते १९५९ पुण्याच्या पालिकेची कचेरी, पोस्ट आणि प्रदर्शने पाहिली. उपयोग बदलत गेले, पण वाडा उभा आहे आणि सार्वजनिक आहे. एवढे बुरहानपूरच्या एका शाळेला का जमू नये?

शेवटी एक मागणी. नगरसेवक, पालक आणि माजी विद्यार्थ्यांनी ती पहिल्याच सभेत मांडावी. मुले नव्या संकुलात गेली त्या दिवसापासून तीस दिवसांत तीन कामे झाली पाहिजेत. दाखल-खारीज रजिस्टरे मोजून, यादी करून सुरक्षित जागी न्यायची. जाणकार अभियंत्याकडून वास्तूची तपासणी करून अहवाल सभेत वाचायचा. आणि अंतिम निर्णयाची वाट न पाहता एक तरी वर्गखोली वाचनासाठी उघडायची. शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत हलतात आणि जूनच्या मध्यात पाऊस येतो. त्याआधी कौले शाकारून झाली नाहीत, तर पुढची चर्चा पडक्या भिंतींवर करावी लागेल.