ठिणगी कोठे अडते?

दोरी ओढून ओढून खांदा दुखू लागला, तरी होडीचे जुने इंजिन एकदाही फुरफुरत नाही, अशा वेळी बहुतेक जण आधी कार्ब्युरेटर उघडतात. वाचकांनी त्यापूर्वी ठिणगीचा तपास करावा.

उदाहरणादाखल १९५० नंतरच्या दशकातील जॉन्सन किंवा एव्हिन्रूड या अमेरिकन बनावटीचे, दोरीने सुरू होणारे दोन सिलिंडरांचे इंजिन घेऊ. हौशी मंडळी ही इंजिने आजही चालवतात. फ्लायव्हीलमधील लोहचुंबक कॉइलजवळून फिरला की तीत वीज निर्माण होते. पॉइंट उघडताच तो प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. प्रत्येक सिलिंडरला कॉइल, पॉइंट व कंडेन्सर स्वतंत्र असतात, ही मोठी सोय आहे.

प्रथम पेट्रोलची नळी सोडवून दूर ठेवावी. दोन्ही प्लग काढले की सिलिंडरांच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर पडते, म्हणून परीक्षा मोकळ्या हवेत, भोकांपासून दूर करावी. तार हातात धरू नये. प्लग नुसता इंजिनाला टेकवून ठिणगी पाहणे फसवे आहे, कारण सिलिंडरातील दाबलेल्या मिश्रणातून उडी घेणे तिला अधिक कठीण जाते. सुमारे ६ मिलिमीटरांचे अंतर असलेल्या टेस्टरमधून निळी, कडकडीत ठिणगी उडाली पाहिजे. एकाच बाजूस ती क्षीण असेल, तर इंजिन किनाऱ्यालगत कसेबसे चालते, आणि परतताना वारा समोरून आला की दगा देते.

दोन्ही बाजू निर्जीव असल्या आणि इंजिन बंद करण्याचे बटण असले, तर त्याची तार तात्पुरती सोडवून पाहावी.

आता फ्लायव्हील काढावे. त्यासाठी पुलर वापरावा, हातोडा नव्हे. बहुतेक वेळा गुन्हेगार पॉइंटच असतात. कित्येक महिने पडून राहिलेले पॉइंट डोळ्यांना स्वच्छ दिसतात, पण त्यांवर चढलेला गंजाचा अदृश्य पापुद्रा वीज अडवतो. बारीक कानशीने ते हलके घासावे, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला जाड कागद त्यांमधून ओढावा. बोटांचे तेलसुद्धा तेथे चालत नाही! पॉइंट पूर्ण उघडले असता अंतर ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ठेवावे. एवढ्यानेच अनेक इंजिने जिवंत होतात. नवी कॉइल आणण्याची घाई उगाच असते.

तरीही एक बाजू मुकी राहिली, तर दोन्ही कंडेन्सरांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या बाजूस गेला, तर कोणती वस्तू विकत आणावी हे कळले. न गेल्यास कॉइलचे आवरण पाहावे. या जुन्या कॉइलना भेगा पडतात आणि ओलाव्यात वीज तेथूनच निसटते.

फ्लायव्हील परत बसवताना त्याची लहानशी चावी शाबूत आहे ना, ते पाहावे व नट पुरेसा आवळावा. ढिला राहिल्यास चावी कापली जाते. मग ठिणगी पडते खरी, पण अवेळी, आणि दोरी हाताला उलटा हिसका देते.